एका कान्याचा फरक

फॉर्मवर पाच चौकोन असतात.
नैसर्गिक. अपघात. आत्महत्या. खून.
आणि पाचवा, जो भरला की आमचे साहेब
दिवसभर माझ्याशी बोलत नाहीत:
ठरवता येत नाही.

डुलूथचा जानेवारी. लेक सुपीरियरवरून वारा
टेकडी चढून येतो
आणि आठवड्याला तीन-चार माणसं पडतात.
बर्फावर, मोरीत, अंगणाच्या पायऱ्यांवर.
पडतात, असं मी लिहिते
आणि बहुधा ते खरं असतं.

अर्वो लेहतिनेन, वय एकाहत्तर.
लोहखनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा.
तळघराच्या जिन्याखाली सापडला,
डावी सपाता पायात, उजवी वरून तिसऱ्या पायरीवर,
धुण्याची टोपली उपडी,
आणि एक मोजा कठड्याला अडकलेला,
बावट्यासारखा.

कवटीला भेग मागे,
मेंदू काळानिळा पुढे.
शिकाऊ पोरांना मी हे असं सांगते:
डोकं चालत होतं, जमीन थांबलेली होती.
हातोडा असता तर
डोकं थांबलेलं, जग चालून आलं असतं,
आणि मार बहुधा जिथल्या तिथे राहिला असता.

म्हणजे पडला.
इथवर शरीर साक्ष देतं, पुढे गप्प बसतं.

दुसरीत खटावकर बाई माझी पाटी उचलून
वर्गाला दाखवायच्या: बघा, हिनं काना खाल्ला.
मारणेचं मरणे झालं, पाडलाचं पडला.
एक उभी रेघ, बाई. खडूची.
बावन्नाव्या वर्षी तीच रेघ मी शोधते आहे
पाठीच्या कातडीखाली, नखांच्या आत,
मनगटाच्या वळीत.

दंडावर चार बोटांचे वळ आहेत.
इर्या, त्याची बायको, म्हणाली,
रोज मीच उठवायची ना त्याला खुर्चीतून.
तिचे हात मागून घेतले. बोटं जुळतात.
तो रक्त पातळ करायची गोळी घ्यायचा,
त्याला मायेनं धरलं तरी निळं उमटलं असतं.
मायेनं नाही धरलं, तरीही.

मुलीचा फोन: आईनंच केलंय, तुम्हाला दिसत कसं नाही?
मुलाचा फोन: विम्याला कागद लागतो,
त्यावर अपघात असा शब्द लागतो.
दोघांचाही आवाज बापासारखा असेल का,
असं उगाच वाटून गेलं.
बापाचा आवाज मी ऐकलेला नाही.
मी कुणाचाच ऐकत नाही.

मग आम्ही घर पाहायला गेलो.
डेप्युटी ओस्टबीनं जिन्यावरचं बटण दाबलं, अंधार.
हातमोजा घालून त्यानं बल्ब पाव आटा फिरवला
आणि उजेड पडला.
बल्ब गेला नव्हता. सैल होता.
आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो,
त्या उजेडात.
वर स्वयंपाकघरात इर्या कप मांडत होती.
तिनं चार मांडले, मोजले,
आणि चौथा उचलला नाही.

त्या रात्री घरी कपडे धुवायला टाकले.
माझंही तळघर, माझंही जुनं यंत्र;
पिळायला लागलं की जिना गदगदतो,
भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं होतं.
कितीतरी वेळ उभी होते.
मग यंत्र थांबवलं, दिवा घालवला,
बल्ब निवेपर्यंत अंधारात थांबले,
आणि चाचपडत हात वर नेला.

पाव आटा. कदाचित जास्तच.
या घरात अकरा वर्षं
माझ्याशिवाय कुणी राहत नाही.

यानं इर्या सुटत नाही.
यानं फक्त एवढंच कळतं की बल्ब
आपले आपण सैल होतात,
आणि कुणी केले तरी तसेच दिसतात.

फॉर्म वर टेबलावर आहे, सोमवारची मुदत.
मी बल्ब घट्ट बसवला.
जिना चढताना कठडा धरला,
दोन्ही हातांनी.